लाभ

चोपड्याच्या मार्केट यार्डात
एकोणचाळीस वर्षं मापाडी होतो मी.
पोती मोजताना पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
लाभ, दोन, तीन, चार.
हे मला झावरूअण्णांनी शिकवलं.
आणि दुसरं हे, की काट्यावर पोतं टाकलं
की आधी हात काढ.
मग थांब.
दांडी दमली की वाच.

हात काढता यायचा मला. थांबता नाही यायचं.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात
दोन किलो दादरवरून
भावडू हमालाच्या कानाखाली वाजवली मी.
दोन किलो. तेही नंतर सापडले,
पोतं कोपऱ्यात उसवलं होतं,
ओट्याखाली दाणे सांडलेले,
चिमण्या टिपत होत्या.
भावडूचा डावा कान तेव्हापासून
आडात पडलेल्या बादलीसारखा.
आवाज आत जातो, वर काही येत नाही.

अण्णा रागावले नाहीत.
म्हणाले, उद्यापासून मोज.
काय मोजू?
राग आला की मोज. लाभपासून.
दहा झाले की तोंड उघड.

मला वाटलं, महिन्याभराचं काम.
पहिलं वर्ष दोनच्या पुढे गेलो नाही.
तंबाखू सुटली एका दिवसात,
तंबाखू बाहेरची होती.
चातुर्मासात एकभुक्त राहून पाहिलं,
पोट ऐकायला लागलं, जीभ नाही.
कीर्तनात बुवा म्हणाले, मन जिंका.
जिंकणारे जिंकोत.
मी मांडवाच्या कडेला बसून
पुढच्याच्या डोक्याआड काही दिसत नाही म्हणून
तिथेच मोजत होतो.

वेणूला माझे ओठ हलताना दिसले
की ती पोरांना घेऊन परसात जायची,
शेळी बघा, शेळी बघा करत.
शेळी विकून तीन वर्षं झाली तरी जायची.
मग एका संध्याकाळी
ओठ हलत होते माझे, आणि ती उठली नाही.
कळण्याची भाकरी थापत राहिली,
पोरं तिथेच, ठेच्यावर तेल मागत.
त्या दिवशी मी कितीपर्यंत गेलो, आठवत नाही.
ती बसून राहिली, एवढं आठवतं.

आता यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे आलेत.
लाल आकडे जरा चुळबुळतात
आणि गप्प होतात.
नवीन पोरांना थांबणं माहीतच नाही,
त्यांचं काम काटाच करतो.
माझी दांडी एकाहत्तराव्या वर्षीही हलते,
कुणी दार आपटलं, कुणी भाजीत मीठ जास्त टाकलं,
एवढ्यानंही.

आज दुपारी पंचेचाळीस होतं, लाइट गेलेली.
जावई शालिग्राम बोलता बोलता
प्लॉट विकण्याचं बोलला.
लाभ. दोन. तीन. चार.
चारवर बोललो. बोलू नये ते बोललो.
त्याच्या हातातला ताकाचा पेला
हातातच राहिला.

आता रात्री ओट्यावर भावडू येऊन बसलाय.
मी त्याच्या उजव्या बाजूला बसतो,
आमचं तसं ठरलं नव्हतं कधी.
डोक्याचा रुमाल कानावरून सरकवून
तो विचारतो, आज कितला?
चार.
काल नऊ व्हतात, म्हणतो,
आणि शेंगांची पुडी पुढे करतो.
माझा हिशोब माझ्यापेक्षा त्याच्या ध्यानात.

आत शालिग्राम अंगणाकडच्या खाटेवर पडलाय,
झोपला नसेल, कूस बदलल्याचा आवाज येतो.
जावं. दोन शब्द सांगावेत.
हात केव्हाच काढलाय मी, दांडीही दमली असेल,
आकडा वाचायला मात्र उठवत नाही.
बोलू नये म्हणून मोजलं जन्मभर,
बोलावं म्हणून मोजायचं
कुणी सांगितलं नव्हतं.
भावडू शेंगा फोडतो, माझ्याकडे बघत नाही.

लाभ, म्हणतो मी,
आणि गुडघ्यावर हात ठेवतो.