एकशे सतरा

रस्ता रुंद होणार, म्हणून
खडकीतल्या शाळेची दगडी भिंत
तीन मीटर मागे सरकवायची.
ऑर्डर वाचून साहेब हसले,
भिंत म्हणजे काय कपाट आहे?

मी ज्युनिअर इंजिनिअर, नोकरीला सात महिने.
पांढरा ऑइलपेंट, पातळ ब्रश, चौकटीची वही.
एकेका दगडावर आकडा घालत चालले होते,
चुकलेला आकडा ओढणीच्या टोकाने पुसत.

थिमण्णा कुसाळकर सावलीला बसून बघत होते.
चौऱ्याऐंशीपाशी आले तेव्हा म्हणाले,
"घाला आकडे, तुमच्यासाठी घाला.
दगडाला आपला शेजारी ठाऊक असतो."

मग उठले, सुतकी घेतली,
कलिंगडवाला टिचक्या मारतो तशी
एकेकावर हलकेच वाजवत निघाले.
खण्ण.
खण्ण.
"हा वाघोलीकडचा. हाही.
हा मात्र जवळचाच, नदीच्या अंगाचा,
आवाज बगा त्याचा, ओला येतो."

मला सगळे काळेच.
डिग्रीला बेसाल्टवर एक धडा होता,
घनता, जलशोषण, दाब सोसायची ताकद,
पाच मार्कांना हमखास.
आवाजाचा तक्ता नव्हता त्यात.

तुमच्या वडिलांनी बांधली का ही, मी विचारलं.
(मला गोष्ट हवी होती.)
"छे. बाप रेल्वेच्या पुलांवर असायचा.
हिला कुणी हात लावला, काय ठावं.
पण गडी डावखुरा होता.
टाकीचे घाव बगा, समदे उलट्या अंगाला कलल्यात."
मी बघितलं. कलले होते.
ब्रश डाव्या हातातून उजव्या हातात घेतला,
उगाच,
आणि एकशे दोन जरा वाकडा आला.

शाळेच्या फाटकावर खडूने सुविचार होता,
टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.
इथे सहाशे दगडांनी सोसले,
देव एकाचाही झाला नाही.
पोरं त्यांच्यावर दप्तरं टेकवून
चिंचा खातात, चिंचोके उडवतात,
आणि कुणीतरी एकावर कोरलंय,
सातवी ब, गणिताचे सर टकलू.

थिमण्णांचा मुलगा क्रशरवर जातो,
तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या.
शहर अजूनही दगडाचंच आहे,
फक्त चावून थुंकलेलं:
ही खडी, ही बारीक खडी, ही कच.
वाघोलीच्या जुन्या खाणीत हिरवं पाणी साचलंय,
तिच्यातूनच निघालेले वीस मजले
काठावर उभे राहून
वाकून बघतात.

एकशे सतरा बद्द वाजला.
थिमण्णा थांबले. पुन्हा मारलं. बद्द.
बाहेर काढताना पहारेवरच उकलला,
फणस उकलावा तसा,
आणि आत पोकळी, मुठीएवढी,
कडेने पांढऱ्या काचेच्या सुया
आणि मधोमध निळं.
कसलं निळं, मला सांगता येत नाही.
मोरपिशी लिहिलं होतं वहीत, मग खोडलं.

काही वेळ कुणी बोललं नाही.
गुंजाळ कंत्राटदार फोन कानाला लावूनच आले,
"फुटका आहे. टेम्पोत टाका, क्रशरला जाईल.
की बाजारात काही येतंय ह्याचं?"

थिमण्णांनी ऐकलंच नाही असं केलं.
तिसऱ्या आठवड्यात नव्या जागी
भिंत कमरेएवढी आली तेव्हा
त्यांनी पोत्याखालून दोन्ही फाकी काढल्या,
कडांना तेवढा चुना लावला,
पोट मोकळं ठेवलं,
आणि तोंडाला तोंड लावून
फाकी मिटल्या.

"पण थिमण्णा, तो बद्द आहे,"
मी म्हटलं, तेवढं शिकले होते.
"आहे की. म्हणून वरच्या थरात घातला,
त्याच्या डोक्यावर फार भार नाय यायचा."
मग सांध्यावरून ओला अंगठा फिरवला
आणि पुढच्या दगडाकडे वळले.

बाहेरून आता काही दिसत नाही.
माझा आकडासुद्धा त्यांनी
आतल्या बाजूला नेलाय.

संध्याकाळी वहीत शेरा भरायचा होता.
एकशे सोळा: ठीक.
एकशे अठरा: ठीक, कोपरा उडालेला.
मधल्या रकान्यावर पेन बराच वेळ टेकलं,
शाईचा ठिपका पसरला,
निळा.
त्याच्या शेजारी लिहिलं, ठीक.