वजन : शून्य ग्रॅम

सेंट-ओडील गावात टपाल कचेरी एकच,
आणि तिच्यासमोर माझं दुकान :
दोर, खिळे, रंग, शेवंडी धरायचे पिंजरे.
म्हणजे जे घडलं ते मी काचेतून बघितलं,
आणि जे दिसलं नाही
ते बेकरीवाल्या ओर्तान्सकडून घेतलं,
एका पावाच्या भावात.

गिलेन कोमो, पोस्टमास्तरीण, वय एकेचाळीस,
चष्मा दोरीला, पेन्सिल केसांत.
रात्री कुलूप लावून जायची,
सकाळी बघते तर सगळी पत्रं खणांत लावलेली,
फक्त शंभर वर्षांपूर्वीच्या गावाप्रमाणे.
पेट्रोल पंपाची बिलं लोहाराच्या नावे,
दंतवैद्याचं टपाल 'गोठा, चर्चच्या मागे'.

"उंदीर असेल," मी म्हणालो.
"उंदराचं अक्षर इतकं वळणदार नसतं."

तो आन्सेल्म दुसे.
धुक्यात होडी उलटली, थैली सोडली नाही, म्हणून बुडाला.
थैली वाचली. पत्रं वाळवून वाटली गेली,
त्यात बहुतेक उधारीची स्मरणपत्रं होती
हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.

गिलेन एका रात्री दिवा मालवून बसली.
काय बोलणं झालं ते ओर्तान्सलाही ठाऊक नाही,
पण दुसऱ्या दिवशी पेन्सिलीच्या जागी केसांत फूल होतं,
आणि कचेरीत दोन कप.
एकातली कॉफी संध्याकाळपर्यंत तशीच,
फक्त चव गेलेली.

जीव नव्हताच त्याला, तरी जडला.

पाद्रीबुवांनी खाकरून बघितलं.
तिच्या आईनं एवढंच विचारलं,
"कॅथलिक आहे ना?"

अडचण वेगळीच होती.
उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकलं की त्याची वाफ व्हायची
आणि वाफ परत थैलीत.
पत्ता नसलेलं टपाल कचेरीबाहेर जात नाही :
नियमाचा माणूस, नियमातच मेलेला.
शनिवारी हॉलमध्ये फिडल वाजायचं,
आणि ही दोघं काउंटरच्या आत
रबरी शिक्क्यांच्या तालावर पाय हलवत.

मग एका मंगळवारी तिनं त्याला वजनकाट्यावर उभं केलं.
काटा हलला नाही.
शून्य ग्रॅम, म्हणजे सगळ्यात स्वस्त दर.
तिकीट लावलं, बाहीवर स्वतःचा पत्ता लिहिला,
पण ओल्या बाहीवर तिकीट टिकेना.

तेव्हा ती माझ्याकडे आली.
इथे एक सांगायला हवं :
मीही तिला एकदा नाचायला विचारलं होतं.
तिचा गुडघा दुखत होता तेव्हा.

मी फळीवरून डबा काढला,
होडीच्या तळाला लावतात तो डिंक,
समुद्रालाही न जुमानणारा.
"किती?" ती म्हणाली.
"मांडून ठेवतो," मी म्हणालो.

तिचं घर कचेरीपासून दोनशे पावलांवर.
पण टपाल आधी हॅलिफॅक्सला जातं,
तिथे शिक्का खातं, मग परत येतं.
चार दिवस गिलेन कुणाशी धड बोलली नाही,
मला सुटे पैसेही चुकीचे दिले, तेही दोनदा.
शनिवारी दुपारी तो दाराच्या फटीतून आत पडला
घडी घातलेला,
कपाळावर हॅलिफॅक्सचा गोल शिक्का,
आणि म्हणाला, "उशिराबद्दल दिलगीर आहे."

त्या रात्री हॉलमध्ये
गिलेन कोमो हवेला मिठी मारून नाचली,
आणि तिच्या बुटांशेजारी फरशीवर
आणखी दोन पावलांची ओल उमटत गेली.
गुडघा ठणठणीत होता. मी मुद्दाम बघत होतो.

आता माझं टपाल पहाटेच येतं,
कोपरे थोडे खारट.
मागच्या आठवड्यात माझ्या आजीच्या नावचं एक आलं,
कुण्या फिलेआसचं, मागणी घालणारं.
आजोबांचं नाव फिलेआस नव्हतं.
ते मी जपून ठेवलंय, उत्तर कुणी द्यायचं ते ठरलेलं नाही.

डिंकाचे पैसे अजून यायचेत.