बेचाळिसावं ठिगळ

मिरकरवाड्याच्या जेटीवर डिझेलच्या रांगेत
कोट्याचं कार्ड घासलं की जे मशीन बीप करतं
त्याच्या पोटात आमची लायब्ररी आहे.
आमची म्हणजे जगाची,
नझीर परकारांनी अकरा वर्षांपूर्वी उतरवून घेतलेली,
चिपमध्ये मावेना म्हणून निम्मी कापलेली,
आणि तेव्हापासून लागत गेलेली
एकेचाळीस ठिगळं.

मूळ लायब्ररी वर्षातून दोनदा कात टाकते.
तिथली दुरुस्ती इकडे आणायची
तर तिथली दोनशे बारावी ओळ इथे तीनशे चाळिसावी,
फंक्शनचं नाव वेगळं,
आणि ज्या खुंटीला ती टांगायची
ती खुंटीच परकारांनी
मस्कतला जाण्याआधी उपटलेली.

एका जागी त्यांची टीप आहे:
याला हात लावू नये. न. प.
पहिले काही महिने मला ती नगरपरिषद वाटायची.
कारण लिहिलेलं नाही.
सहा वर्षं मी हात लावला नाही.

साखरतरला बाबा खाडीच्या बांधावर
भांगाच्या दिवसांत चिखल लिंपतात.
म्हणतात, उधाण बांध फोडत नाही गो,
कुर्लीचं बीळ फोडतं.
उधाण नुसतं येऊन बघतं.

जूनमध्ये मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या,
रांग नाही. मी मोजायला बसले.
एक किल्ली, दुसरी किल्ली, हजार किल्ल्या.
जिच्यात शून्यं जास्त
ती मशीन लवकर सोडत होतं.
शून्य आलं की गुणाकार गाळायचा,
पुढे जायचं,
असं कुणीतरी त्याला शिकवलं होतं.
किल्ली कुलूपबंद होती
आणि तिचा उंबऱ्यावरचा पाय वाजत होता.

मस्कतला फोन केला.
परकार गप्प. मागे कुणीतरी भांडी घासत होतं.
मग म्हणाले, "एकेका कार्डाला नऊ सेकंद लागायचे.
मागे साठ माणसं, आणि पाणी उतरायला लागलेलं.
बोट गाळात बसली की दिवस गेला.
मी तीन सेकंद काढले."
आणि थोड्या वेळानं,
"कुणी ऐकत बसेल असं वाटलं नव्हतं."

मलाही वाटत नाही.
तरी मी शून्याचाही गुणाकार करायला लावला,
पूर्ण, न चुकवता,
ज्यातून काहीच निघत नाही तोही.
टीप पुसली नाही. खाली लिहिलं:
हात लावला. का, ते मोजून बघा.

एक ऑगस्ट. पहाटेची जेटी, डिझेलचा वास,
मी घड्याळ घेऊन खांबाशी उभी.
परकारांचे सहा सेकंद,
माझे साडेसात.
दाऊद सोलकरांनी कार्ड घासलं,
मशीनकडे बघितलं,
मग भरतीच्या पाण्याकडे,
मग पुन्हा मशीनकडे.
"झोपलंय काय रे हे?"

बीप.