जाळं फाटतं तिथं

मे संपत आला. धरणात उरला मृतसाठा.
गंगेकाठच्या जुन्या खिरवडला मी गेलो,
पुरातत्त्व खात्याचा नकाशेवाला :
टेप, खुंट्या, सुतळी,
आणि कागदावर उत्तर दिशेचा बाण सोडून काहीच नाही.

सखाहरी लिंबोरे थर्माकोलचा चप्पू वल्हवत म्हणाला,
साहेब, टेप ठेवा गुंडाळून.
जाळं फाटतं तिथं भिंत.

मग तो बोलत गेला, मी ठिपके देत गेलो.
इथं मरळीचं जाळं गेलं, पोरीच्या लग्नाच्या साली.
इथं दोनदा.
इथं दगडाच्या बेचक्यात वांब बसायची, निघायची नाही.
इथून चार हात काहीच नाही, नुसता गाळ
(ते दार होतं).
उगवतीकडं गोल फाटायचं, ताटाच्या कडेसारखं.
ठिपके जोडले. वेदीमागची अर्धी गोल भिंत
कागदावर उतरली, हात न भिजता.

आठ दिवसांनी पाणी हटलं. भिंत निघाली तशीच,
फक्त पाव हात डावीकडं.
वारं होतं त्या साली, सखाहरी म्हणाला.

जोत्यात चुना, गूळ, हिरडा.
चुन्याखाली काळे दगड, एकावर उलटं कमळ.
कमळाखाली हातभर लांबीची वीट, विटेत भाताचं तूस
आणि कुत्र्याचं पाऊल,
ओल्या मातीवरून गेलेलं, घाईत.
कुणी हाकललं असेल त्याला,
हे अहवालात बसत नाही.
लिहिलं : थर तीन. पुनर्वापर.

सुवार्ताबाई मगरे नव्या गावठाणातून टमटमनं आल्या,
गाळपेरीतले टरबुजांचे वेल ओलांडत, चपला हातात.
दगडांकडं पाहिलंच नाही.
दारापासून बारा पावलं मोजली, घोट्याएवढ्या चिखलात थांबल्या.
बाकडी नेली, पेटी नेली, म्हणाल्या,
घंटा जालन्याला गेली.
ही जागा कशी न्यायची, कुणी सांगितलं नाही.
माझ्यापुढं यहोशवा उभा राहायचा, मानेवर तीळ.
इथं काय लिहिणार तुम्ही?

चौकोन ब-चार, मी म्हणालो.
लिहा, म्हणाल्या.

जाताना सखाहरीला नकाशाची प्रत दिली,
जाळी वाचतील म्हणून.
हसला. भिंत टाळली तर मासा कुठला, साहेब?
कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला,
मग ब-चारवर अंगठा ठेवला :
इथं कधीच नाही फाटलं.

कागदाची घडी टोपीत गेली.
चप्पूत पाणी शिरत होतं,
तो डब्यानं उपसू लागला.