पुठ्ठे

चर्चची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून सांगतो:
रस्त्यावरचं हिवाळी मीठ धुतलं गेलं
की एप्रिलातल्या एका रविवारी ते येतात.
लिंडेनखाली चाळीसेक मोटारसायकली,
आणि माझ्या फरशीवर तेल.

मी आदल्या दिवशीच पुठ्ठे अंथरतो.
पास्टर वीबके म्हणतात, असू दे, हिनरिक,
तेलाचं आणि आपलं नातं जुनंच आहे.

आत बाकांवर माणसांशेजारी हेल्मेटं बसतात,
काचांवर मेलेले किडे घेऊन.
मान लववली की कातडी जाकिटं करकरतात.
उठायचं कधी, बसायचं कधी, अर्ध्यांना ठाऊक नसतं;
ते गेझाबाईंकडे बघतात.

गेझाबाई तिसऱ्या बाकावर.
गेल्या सप्टेंबरात, समुद्रबांधाच्या वळणावर,
त्यांचा ओन्नो.

नावं वाचली. त्याचं चौथं.
सगळे उभे राहिले, बाई नाही.
शेजारचं कुणा परक्याचं हेल्मेट त्यांनी मांडीवर घेतलं,
रुमालाला थुंकी लावली
आणि काचेवरचे किडे पुसत बसल्या.
ज्याचं होतं तो आशीर्वाद संपेपर्यंत
रिकाम्या हातांनी उभा.

दुपारी पुठ्ठे गोळा केले.
एक डाग तरीही फरशीत मुरलेला.
सोडा आणला, ब्रश आणला,
गुडघेही टेकले.
मग म्हटलं, बघू पुढल्या आठवड्यात.