एकसष्ट टक्के

रात्रपाळीच्या आधी तासभर
मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसते
आणि फोनला म्हणते, वेस्ट.
फोन म्हणतो, चूक.
त्याला पश्चिम हवी होती,
मी बनियन म्हणाले म्हणे.

ओठांचा चंबू करून परत म्हणते.
आधी शिट्टी येते, मागून पश्चिम.
एकसष्ट टक्के.

खाली गंगाखेडचा स्टँड.
भोंग्यातून अण्णांचा आवाज वर येतो :
परभणीकडे जाणारी, दैठणामार्गे,
फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे,
प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी.
लहानपणी मला वाटायचं
भोंग्यात दुसराच कुणी माणूस राहतो.
आमचे अण्णा तर घरी येऊन म्हणायचे,
काऊन गं, जेवायलीस का न्हाई अजून?

एकदा विचारलं तर खाकी शर्ट खुंटीला अडकवत म्हणाले,
"ती बोली डुटीची हाय माय.
इस्त्री मोडू द्यायची न्हाई,
अन् घालून झोपायचं बी न्हाई."

हे मला नांदेडला कळलं,
नर्सिंगच्या पहिल्याच महिन्यात.
मी म्हणाले, मॅडम, पेशंटला चक्कर यायलीय.
मागच्या बाकापर्यंत हसू गेलं.
'यायलीय' नाही मंजुळा, 'येते आहे'.
संत्र्यात सुई टोचून हात बसवतात
तशी मी 'येते आहे' टोचत राहिले, वसतिगृहाच्या भिंतीत,
रात्रभर.
तेव्हा टक्के सांगणारा फोन नव्हता.
हसू होतं, ते पुरायचं.

आता परीक्षेच्या पुस्तकात एक म्हातारा आहे.
तो आजारी आहे असं म्हणत नाही,
मी हवामानाखाली आहे म्हणतो.
तबस्सुम पुस्तक मांडीवर आपटून हसते :
"हमारा तो पूरा परभणी जिल्हाच
हवामान के नीचे है, मंजू."
पुढच्या पानावर त्याच म्हाताऱ्याला
एक पेनी खर्च करायची असते.
म्हणजे लघवीला जायचं असतं.
आम्ही दोघी पाठ करतो,
मान हलवत, पाढे म्हटल्यासारखं.

इथं कुणी म्हणालं आंग मोडून आलंय,
काळजात लककन हाललं,
पोटात मुरडा उठायलाय,
तर माझा हात आपोआप त्या-त्या कप्प्याकडं जातो.
तिथं, रात्री तीन वाजता,
कुण्या म्हाताऱ्याच्या तोंडातून पुस्तकात नसलेलं काही निघालं
आणि मी नुसतीच हसून उभी राहिले तर?
माझ्या 'व'ची मला एवढी भीती नाही.
कानाची आहे.

परवा तांड्यावरची एक म्हातारी दाखल झाली.
सोबत कुणी नाही, मराठी जेमतेम.
तिनं शिकवलं, मला याडी म्हण, आई म्हण.
वॉर्डात पंखा खडखडत होता,
मी म्हणाले, बरं यादी, हात दाखव.
ती ताप विसरून बसती झाली.
यादी न्हाई. याडी!
दुकानात सामान आणायला निघालीस का?
तीनदा म्हणायला लावलं,
मग दंड पुढं केला,
आणि सुई आत जाईपर्यंत
तोंडातल्या तोंडात हसत राहिली.

आज परत गच्ची, परत वेस्ट.
चौसष्ट.
अण्णा डुटीवरून आले, जिन्यात थांबून ऐकत होते.
"आण इकडं," म्हणाले.
माइकपुढं खाकरतात तसं खाकरले,
शर्टाची वरची गुंडी लावली,
आणि सगळ्या फलाटांना ऐकू जाईल असं म्हणाले,
वेस्ट.

फोन बराच वेळ गोल-गोल फिरत राहिला.
मग पडद्यावर आलं,
समजले नाही, पुन्हा प्रयत्न करा.

अण्णांनी फोन माझ्या हातात दिला.
"नवीन दिसतंय," म्हणाले,
"शिकंल हळूहळू."