मागची बाजू

गेंटमध्ये, कालव्याकाठच्या तिसऱ्या मजल्यावर
लीव्हन डकॉक पत्रं उघडतो
खिडकीकडे पाठ करून.
उजेड शाई खातो, म्हणतो.

सपाट खणांत निजलेले थोर चित्रकार :
एकाची दाढ ठणकतेय,
एक बहिणीकडे लोकरीचे मोजे मागतोय,
एकाचं अक्षर तिसऱ्या ओळीपासून
उताराला लागलंय, बहुधा दारूनं.
कलेबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

काल कोळसेवाल्याची नात आली,
गोडलीव्ह, स्वतःच सत्तरीची.
बिस्किटांच्या डब्यात एकच पत्र :
‘महाशय, थंडी सरेपर्यंत थांबा.
पैसे नाहीत. चित्र चालेल?’
खाली ती सही, जिच्यासाठी आता
लिलावात हात वर होतात.

‘मग चित्र कुठंय?’
‘आजोबा नको म्हणाले. आमच्या भिंतीला ओल होती.’

पत्राच्या पाठीवर पेन्सिलीनं
कोळसेवाल्याचा हिशेब :
दोन पोती, उधार.
दोन खोडून, तीन.

जाणकार म्हणाले, एवढं पुसून घ्या,
भाव दुपटीनं चढेल.
लीव्हननं खोडरबर शोधलं,
सापडलं,
ते कालव्यात टाकलं,
आणि पत्र चौकटीत बसवलं
उलटं.